सुचेताची खिरापत

भोंडल्याचा शेवटचा दिवस, आणि हिंदी मुलखातल्या पिपलानीच्या कॉलनीतल्या मराठी पोरींना नुसतं उधाण आलं होतं. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून गाणी चालली होती खरी, पण सगळ्यांचं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे. आज भोंडला सुचेताच्या क्वार्टरमध्ये होता, आणि तिच्या आईने, प्रमिलाबाईंनी, पैज लावली होती: माझी खिरापत माझ्या लेकीलाही ओळखता यायची नाही.

पैज धाडसाचीच होती. डबा जरा हलवला की नुसत्या आवाजावरून सुचेता सांगायची, ह्या शंकरपाळ्या, हा चिवडा. यात तिचा हात धरणारं कॉलनीत कुणी नव्हतं. असणार कसं? पोरगी दिवसभर खाण्याचाच विचार करायची, फक्त खायची नाही. बांगड्या कोपरापर्यंत चढल्या तरी आरशातली सुचेता तिला जाडच दिसायची. वाट्याची खिरापत ती ओढणीच्या टोकात बांधायची आणि कुंपणापलीकडच्या गाईला घालायची. गाय तेवढी बाळसं धरत होती.

प्रमिलाबाई रागावून झाल्या, रडून झाल्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी दोघींना बजावलं, की घास कोंबायचा नाही. पोटात कालवाकालव झाली की आधी तिला नाव द्यायचं, भीती की राग की आणखी काही, आणि मग ताटाकडे बघायचं. सुचेताने तेव्हा नाक मुरडलं होतं.

प्रमिलाबाईंनी डबा आणला, हलवला. आवाजच नाही. शिरा? नाही. खरवस? नाही. ढोकळा? तोही नाही.

"अरे, बता ना जल्दी," शेजारची कुसुम तिला ढोसत म्हणाली.

सुचेताने हार मानली. पोरींनी एकच कल्ला केला, आणि प्रमिलाबाईंनी झाकण काढलं. डबा रिकामा होता.

"आज तू सांग, तुला काय हवंय," त्या म्हणाल्या. "काही नको असेल तर तसं सांग, तेही चालेल. पोरींचं मी बघते."

सगळ्यांसमोर! सुचेताच्या पोटात गोळाच आला. राग, ती ओठांतल्या ओठांत म्हणाली, आणि राग जरा खाली बसला. त्याच्याखाली भीती होती. तिचंही नाव घेतलं. पण त्याखाली आणखी काहीतरी खडखडत होतं, आणि कुठलाही डबा ओळखणाऱ्या ह्या पोरीला ते काही केल्या ओळखेना. मग एकदम ओळखू आलं, आणि तिला हसूच फुटलं.

"आई, मला भूक लागलीय."

प्रमिलाबाईंच्या हातातलं झाकण खणकन खाली पडलं. काय करू, एवढंच त्यांनी विचारलं.

"पोहे. वरून इथली शेव."

मग काय विचारता! कुणी कांदे चिरले, कुणी पोहे भिजवले, कुसुम शेव आणायला पळाली. प्रमिलाबाई एका डोळ्याने हसत होत्या, दुसऱ्याने रडत होत्या, आणि दोष कांद्याला देत होत्या. सुचेता पोरींच्या घोळक्यात बसून खात होती. प्रत्येक घासाला भीत होती, पण खात होती.

बाहेर कुंपणाशी गाय रोजच्यासारखी येऊन उभी राहिली होती. बराच वेळ वाट पाहून बिचारी तशीच परत गेली.