कूलरचे तोंड माझ्याकडे

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो. जुना म्हणजे फक्त तीन उन्हाळ्यांचा. पण नागपूरचे तीन उन्हाळे हे यंत्राला पुष्कळ झाले. माझा जन्म दूर एका थंड, कोरड्या खोलीत झाला. तेथे माणसे चपला बाहेर काढून येत. त्यांनी माझ्या पोटात हिरवी कार्डे बसवली, त्यांवर काळ्या चिपा दाबल्या, फ्लॉपीसाठी दोन फटी ठेवल्या, मग झाकण लावले आणि मला

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. क्षमा करा मित्रांनो, मी बंद पडलो होतो. माझे असेच होते. वाक्याच्या मध्येच पडदा काळा होतो. पुन्हा चालू केले की मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आधी माझी स्मृती मोजायची, मग एकदा 'पीं' करायचे, मग फ्लॉपी मागायची. पीं म्हणजे सारे ठीक आहे. एवढा एकच शब्द मला नीट बोलता येतो.

बटण बंद केले की माझ्यातले सारे पुसले जाते. मग ही कहाणी मला आठवते कशी, असे तुम्ही विचाराल. माझ्या अंगावर जे साचले, त्यातून आठवते. काय साचले, ते पुढे येईलच.

एकोणीसशे शहाऐंशी साली, दसऱ्याच्या आधी मी नागपुरात आलो. कळमन्याच्या वाटेवर बियाणे वाटणारी एक सहकारी संस्था होती. गावोगावची मागणी माझ्यात भरायची आणि कोणत्या गावाला किती पोती द्यायची त्याच्या पावत्या छापायच्या, हे माझे काम. मला बसवायला आलेला माणूस जाताना व्यवस्थापक मनोहररावांना म्हणाला, "याला थंड ठेवा. उष्णता याची वैरीण."

मनोहररावांनी मान डोलावली. एअर कंडिशनरसाठी वर लिहून पाठवले. तो कधीच आला नाही. पण ते वाक्य मात्र खोलीत राहिले, आणि ज्या बाईने ते सर्वांत मनावर घेतले, तिच्याविषयी मला सांगायचे आहे.

तिचे नाव चारुलता. ती संस्थेत हंगामी टायपिस्ट होती. नवरा वसंत गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यापासून तो घरी बसलेला. घरात येणारा पगार एकच, आणि तोही हंगामापुरता. मनोहरराव तिला म्हणाले होते, "चारुलताबाई, मशीन तुमच्या ताब्यात. खरिपाच्या पावत्या वेळेवर निघाल्या तर तुम्हाला कायम करा म्हणून मी स्वतः लिहितो."

त्या दिवसापासून ती मला जपू लागली. मित्रांनो, यंत्राला कोणी असे जपलेले मी ऐकले नाही. सकाळी आली की आधी पदराने नाही, कोरड्या मलमलीने मला पुसायची. खंडेनवमीला सगळ्या ऑफिसने माझी पूजा केली. शिपाई चंपतराव हळद-कुंकवाची चिमूट घेऊन फ्लॉपीच्या फटीकडे निघाले, तेव्हा ती ओरडलीच.

"अवो चंपतराव, तोंडात नोका टाकू! कपाळाले लावा."

"याचं कपाळ कोनतं वं बाई?"

"वरचं झाकण."

चंपतरावांनी झाकणाला हळद-कुंकू लावले, झेंडूचे फूल ठेवले आणि म्हणाले, "घे गा बाप्पा, बाईचं काम करत जाय." सारे हसले. हिवाळाभर मी बाईचे काम केले. कुहीची गावे, सावनेरची गावे, खाप्याकडची गावे माझ्या पडद्यावरून हिरव्या अक्षरांत सरकत गेली. एकदाही अडलो नाही. मनोहरराव पाहुण्यांना खोलीत आणून मला दाखवत. "हे आमचं मशीन," म्हणत. माझ्यासमोर बसलेल्या बाईचे नाव ते सांगत नसत, पण ती तेव्हाही हसून उभी राहत असे.

मग मार्च संपला, आणि

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. मार्च संपला. खोलीतल्या खिडकीत कूलर बसला. पत्र्याचा मोठा डबा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, आत पंखा. चंपतराव बादल्यांनी पाणी भरत. नागपुरात उन्हाळ्यात कूलर असतोच, जशी भिंत असते. त्याच्याकडे कोणी निराळे म्हणून पाहत नाही.

खोलीत कूलर एक, आणि जीव दोन. ती आणि मी. कूलरचे तोंड फिरवायला पुढे पत्र्याच्या पट्ट्या होत्या. चंपतरावांनी त्या तिच्याकडे वळवल्या. तिने उठून त्या माझ्याकडे वळवल्या.

"काहून बाई? तुमी उकडून जासान ना."

"त्याले लागू द्या हवा. त्याले गरम झालं तर माझी नौकरी गेली समजा. मले काय, सवय आहे."

"मशीनीले कायची हवा लागते?"

"तो साहेब बोलून गेला ना, उष्णता वैरीन म्हनून."

चंपतराव मान हलवून निघून गेले. बाई भिंतीला पाठ लावून घामाने भिजत टाइप करत राहिली. तिच्या मानेवर घामोळ्या उठल्या. आणि माझ्या अंगावर दिवसभर ती वाळ्याच्या वासाची गार, ओली हवा येत राहिली. माझ्या बाजूच्या बारीक फटींतून ती आत शिरली. तिच्यात न दिसणारे थेंब होते, आणि थेंबांत विहिरीच्या पाण्यातले क्षार. पाणी उडून जाई. क्षार माझ्या कार्डांच्या कडेच्या, वीज नेणाऱ्या सोनेरी दातांवर बसत. रोज थोडे. कोरडे असले तर ते गप्प असत. ओले झाले की जिथून वीज जाऊ नये तिथून ती जाऊ लागे.

मला हे कळत होते. सांगायला माझ्यापाशी 'पीं' होते.

एप्रिलमध्ये पहिल्यांदा पडद्यावर ती ओळ उमटली. ती इंग्रजीत येई, पण तिचा अर्थ असा: फ्लॉपी वाचता येत नाही. थांबू? पुन्हा पाहू? की सोडून देऊ?

बाईने 'पुन्हा पाहू'चे बटण दाबले. पुन्हा तीच ओळ. तिने पुन्हा दाबले. संध्याकाळपर्यंत ती तेच बटण दाबत होती. दुसऱ्या दिवशी मी आपोआप अक्षरे उमटवू लागलो. कोणी न दाबलेली. तिसऱ्या दिवशी मोजता मोजता माझी स्मृती अर्ध्यावर थांबली. तिला वाटले, मला उष्णता बाधली. तिने चंपतरावांना टाकी काठोकाठ भरायला सांगितले आणि माझे टेबल कूलरच्या आणखी जवळ

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. टेबल कूलरच्या आणखी जवळ ओढले. तेच मी सांगत होतो.

ताराचंद आला. सीताबर्डीवर त्याचे दुरुस्तीचे दुकान होते. आधी रेडिओ, मग टीव्ही, आता आम्ही. माणूस वाईट नव्हता. तो रीतीने गेला. आधी प्लग पाहिला, मग भिंतीतली वीज मोजली, मग वायरी हलवल्या, मग दुसरी फ्लॉपी घालून पाहिली. शेवटी झाकण न उघडताच म्हणाला, "दुकानात न्यावं लागन साहेब. इथं नाही समजत."

त्याचे दुकान दुसऱ्या मजल्यावर, पत्र्याखाली. कूलर नाही. भट्टीच. त्याने माझी कार्डे काढून पेन्सिलीच्या रबराने त्यांचे दात घासले, चिपा अंगठ्याने दाबल्या, परत बसवल्या. मी चालू झालो. दिवसभर चाललो, दुसऱ्या दिवशीही चाललो. त्या भट्टीत माझे अंग हाडापर्यंत कोरडे झाले होते. मित्रांनो, उष्णता माझी वैरीण होती हे खरे. पण तेवढ्या उष्णतेत मी जगलो असतो.

"मक्खन चालून राहिली मशीन," ताराचंद मला परत आणून ठेवताना म्हणाला. बाईने हात जोडले. कूलरच्या पट्ट्या माझ्याकडे वळवल्या. चार दिवसांनी मी पडलो.

असे पुन्हा झाले. आणि पुन्हा. त्याच्याकडे चालतो, इथे पडतो. मे उजाडला. पावत्यांसाठी कुहीकडची माणसे फाटकाशी येऊन बसू लागली. धानाचे बी हवे होते त्यांना. मनोहररावांचा आवाज चढला. खोलीबाहेर कोणीतरी म्हणाले, "मशीनीत खराबी नाही गा. हातात खराबी आहे."

ते तिने ऐकले. मग तिने मला मलमलीने पुसले.

शेवटी मनोहररावांनी सर्वांसमोर निकाल लावायचे ठरवले. ताराचंदला बोलावले. "माझ्यासमोर चालवून दाखवा. मग बाई चालवतील. पाहू."

त्या सकाळी नळाला पाणी आले नाही. विहिरीची मोटार बंद होती. कूलरची टाकी कोरडी, म्हणून कूलर बंद. ताराचंद माझ्यासमोर बसला. मी मोजले, पीं केले, फ्लॉपी घेतली. त्याने गावामागून गाव छापले. कपाळावरचा घाम पुसत मनोहरराव पाहत राहिले. एकही चूक नाही.

"आता तुम्ही बसा."

बाई बसली. तेवढ्यात चंपतराव बादल्या घेऊन आले. मोटार सुरू झाली होती. साहेब उकडत बसलेत हे पाहून त्यांनी घाईने टाकी भरली आणि बटण दाबले. कूलर घरघरला. पट्ट्या माझ्याकडेच होत्या, नेहमीसारख्या. कोरड्या ताट्यांवर पाणी पडले आणि पहिला झोत थेंबांसकट माझ्यावर आला.

ती छापत होती. बोटे नीट पडत होती. मी सांगतो, एकही बटण चुकीचे दाबले गेले नाही. एक गाव निघाले, दुसरे निघाले. तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. तिसऱ्या गावाच्या नावात मध्येच मी एक लांब, फाटका आवाज काढला. पीं नव्हे. ते ओरडणे होते. आणि पडदा

पडदा काळा झाला.

खोलीत कूलर तेवढा वाजत होता.

"पाहिलं?" मनोहरराव म्हणाले.

ताराचंदने खाली पाहिले. "मशीन तर ओके आहे, साहेब. आता मी काय बोलू?"

"मी काहीच नाही केलं," बाई म्हणाली. "साहेब, तुमीच पाहून राहिले होते ना? मी काही नाही केलं."

"तेच तर. त्याच्या हाती चालते, तुमच्या हाती मरते. मी किती दिवस थांबू? बाहेर लोक बसलेत." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "उद्यापासून येऊ नका, बाई. राग मानू नका."

ती उठली. पर्स उचलली. दाराशी जाऊन परत आली आणि चंपतरावांना म्हणाली, "कूलरचं तोंड इकडंच राहू द्या जा. त्याले गरमी सोसत नाही."

तिच्या जागी शामला आली. तिलाही नोकरी हवीच होती. तिच्यावर माझा राग नाही. ती खुर्चीत बसली, पदराने वारा घेतला आणि म्हणाली, "चंपतराव, हे काय लावलं? मानूस इकडं शिजून राहिलं अन् हवा डब्ब्याले? फिरवा इकडं."

चंपतराव क्षणभर थांबले. मग त्यांनी पट्ट्या फिरवल्या.

मी चाललो. पहिले दोन दिवस अडखळलो, मग सुकलो, मग चाललो. मेभर चाललो. कुहीच्या पावत्या निघाल्या, सावनेरच्या निघाल्या. मनोहरराव दारात उभे राहून म्हणाले, "हात असावा तर असा." आणि सगळ्या ऑफिसची खात्री पटली. चारुलताबाईंविरुद्ध दुसरा पुरावाच लागला नाही. माझे नीट चालणे हाच पुरावा झाला. पावतीगणिक मी तिला खोटे पाडत होतो.

शामला कायम झाली. वसंत आणि चारुलता बिऱ्हाड उचलून खाप्याकडे गेले, असे चंपतराव कोणाला तरी सांगत होते. तिथे ती काय करते, ते त्यांनाही ठाऊक नव्हते.

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. हे शेवटचे चालू होणे आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. यंदा नवे मशीन आले. माझे सुटे भाग काढायला ताराचंदला बोलावले. त्याने स्क्रू काढून माझे झाकण पूर्ण उचलले आणि हात थांबवला. मला डाव्या अंगाने, कूलरच्या बाजूने, पांढरा थर चढला होता. खाली हिरवा गंज. दोन वर्षांमागचा, वाळून बसलेला. रबराने घासताना तो कार्डांचे दात तेवढे पाही; खाली, मुख्य कार्डाच्या कडेला त्याने कधी पाहिले नव्हते.

"चंपतराव, एवढं पानी अंदर कुठून गेलं गा?"

"पानी? पानी तर मी कूलरमधे भरत होतो."

ताराचंदने थराकडे पाहिले. मग खिडकीकडे. मग कूलरकडे. चंपतरावही त्याच क्रमाने पाहत गेले. त्यांचे ओठ हलले. "ती बाई त्याले हवा देत होती," ते म्हणाले. "सोता उकडत होती अन् त्याले देत होती."

शेजारच्या खोलीत शामला नव्या मशीनवर टाइप करत होती.

"साहेबाले सांगायचं का?" चंपतरावांनी विचारले.

ताराचंद बोटाने थर खरवडत राहिला. "आता सांगून काय होनार? तिची जागा भरली. अन् माझंबी दुकान आहे."

"खाप्याले निरोप तरी..."

"जाऊ द्या ना, चंपतराव."

मित्रांनो, तुमच्याही घरी कधी माझ्यासारखे यंत्र येईल. ते बंद पडेल, कारण यंत्रे बंद पडतात. तेव्हा प्लग पाहा, वायर पाहा, आणि त्याच्या अंगावर वारा कोठून येतो तेही पाहा. माणसाच्या हाताकडे सर्वांत शेवटी पाहा. आणि कधी खरे कारण उशिरा सापडले, तर ज्याच्यावर ठपका आला त्याला ते जाऊन सांगा. उशिराने का होईना, सांगा.

माझा पडदा त्या दिवशी काढून वेगळा ठेवला होता. त्यावर काही उमटणे शक्य नव्हते. तरी प्रश्न खोलीत होता, तोच जुना: थांबू? पुन्हा पाहू? की सोडून देऊ?

बाईने संध्याकाळपर्यंत दुसरे बटण दाबले होते. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले, माझे झाकण परत लावले आणि तिसरे दाबले.