आम्ही येईपर्यंत

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी परदेशी चर्चचे पाच पाहुणे एका शिवणकामवालीच्या घरात शिरले. त्यांच्या मागून दुभाषी बाई. एकोणीस वर्षं मिशनच्या पाहुण्यांचं बोलणं घरोघरी पोचवणाऱ्या बाई आज उंबऱ्यातच अडखळल्या.

घडलं होतं ते येताना गाडीत. पाहुण्यांमधल्या डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं होतं, "त्या शिवणकामवालीच्या मुलीच्या हृदयाचं ऑपरेशन झालं असेल ना? गेल्या वर्षी मी बजावलं होतं, आम्ही येईपर्यंत थांबू नका."

गेल्या वर्षी हे दिवसाचं नववं घर होतं. बाहेर गाडी हॉर्न वाजवत होती. बाईंनी उंबऱ्यातूनच घाईघाईत सांगितलं होतं, "आम्ही येईपर्यंत थांबा." एवढासा 'नका', तोच गळला होता.

"या, या! पाहुणे पाच आणि खुर्च्या तीन," शिवणकामवाली हसत म्हणाली. "दोघांना मशीनवर बसवते म्हणावं. बसल्या बसल्या पायही मारतील!"

बाईंनी ते परक्या भाषेत सांगितलं. पाहुणे खळखळून हसले.

तेवढ्यात तिची नऊ वर्षांची मुलगी पाणी घेऊन आली. दारापासून खुर्चीपर्यंत येताना दोनदा थांबली. ओठ निळसर. डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि वळून म्हणाल्या, "विचारा यांना, वर्षभर का थांबल्या?"

बाईंनी विचारलं.

"अहो ताई, हे काय विचारणं झालं?" आईचं हसू विरलं. "तुम्हीच नाही का म्हणालात, थांबा म्हणून? मोठ्या इस्पितळानं तारीख दिली होती. ती सोडली मी. तुमच्या शब्दावर."

पाचही चेहरे बाईंकडे वळले. खोलीत दोन्ही भाषा येणाऱ्या त्या एकट्याच. आई घाबरली, जायची सोय झाली नाही, काहीही खपून गेलं असतं. पाहुण्यांच्या पाळकांनी तर प्रार्थनेसाठी डोळेही मिटले होते.

"त्यांनी ऐकलं तसंच केलं," बाई परक्या भाषेत म्हणाल्या. "मीच उलटं सांगितलं होतं."

मग तेच आईला सांगितलं. आपल्या भाषेत सांगायला जास्त वेळ लागला.

 आईनं खाली बसून मुलीच्या पायात चपला चढवल्या.

पाऊण वाजता मोठ्या इस्पितळात मुलीला आत घेतलं. डॉक्टरीणबाई तिच्याबरोबर गेल्या. बाकीचे पाहुणे दुभाष्याविनाच पुढच्या घरी गेले. बाहेर बाकाच्या एका टोकाला आई, मांडीवर त्या चपला. दुसऱ्या टोकाला बाई.

तीन वाजता नर्स बाहेर आली. "अजून काही सांगता येत नाही. थांबा."

सवयीनं बाईंनी तोंड उघडलं.

"कळलं मला," आई म्हणाली.

साडेचारपर्यंत आतून कुणी आलेलं नव्हतं.