यूनुसच्या बकाल्यातला फळा

सौदीतल्या खमीस मुशैतच्या जुन्या बाजारामागची ती गल्ली पाडून तीन वर्षं झाली. तिथे आता गाड्या लावतात. पण 'गल्लीवाले' नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती गल्ली रोज सकाळी उघडते. एकशे बारा माणसं आहेत त्यात. कुणी दापोलीला परतलेलं, कुणी कतीफला, कुणी अजून इथेच. मिस्री न्हाव्याचं दुकान रसवाल्याच्या डावीकडे होतं की उजवीकडे, यावर मागच्या महिन्यात चार दिवस जुंपली होती. दोघं रागारागाने ग्रुप सोडून गेले आणि पाचव्या दिवशी मुकाट्याने परत आले.

हा उद्योग उमामाने सुरू केला. ती यूनुसची मुलगी, रियाधला ओलाया भागात एका सल्लागार कंपनीत नोकरीला. दोन वर्षांपूर्वी बाप गेला, आणि तिच्या डोक्यात गल्लीचं एक पुस्तक करायचं आलं: नकाशा, दुकानं, लोकांच्या आठवणी. आठवणी मागवल्या तर दहातले आठजण यूनुसच्या बकाल्यावरच लिहायला लागले.

बकाला म्हणजे वाणसामानाचं दुकान. पाटीवर नाव कफीलचं, म्हणजे परवाना असलेल्या सौदी मालकाचं, आत यूनुस. तांदूळ, कोकम, सुके बोंबील, आणि मागच्या भिंतीवर एक काळा फळा. तेव्हा मजुरांच्या कॅम्पात फोन नव्हते. कोण कधी गावाला चाललाय, कुणाच्या बॅगेत चार किलोची जागा आहे, कुणाला मुलगी झाली, सगळं त्या फळ्यावर. मराठी वर्तमानपत्र यायचं तेही आठवड्याचं शिळं होऊन. फळा तेवढा ताजा. गावाहून कुणासाठी दुकानात फोन आला की यूनुस लिहायचा: 'अमका, घरी फोन'. त्याचा एकच कडक नियम होता, ज्याचा निरोप त्यानेच पुसायचा. पुसलेला दिसला की यूनुस समजायचा, माणसाला पोचला. पुन्हा विचारायला जायचा नाही. दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत नाक खुपसणं त्याला आवडत नसे.

सगळे या फळ्याचं कौतुक करत होते तोवर ठीक होतं. मग सोमवारी धोंडीराम सुताराने चार ओळी टाकल्या. 'फळ्याचं कौतुक पुस्तकात छापणार असाल तर हेही छापा. माझी आई गेली तेव्हा गावाहून फोन आला होता. यूनुसने लिहिला नाही. मला अठरा दिवसांनी पत्रातून कळलं. तेरावासुद्धा होऊन गेला होता.'

ग्रुप चिडीचूप झाला. ज्या लोकांना न्हाव्याच्या दुकानावरून चार दिवस भांडता येतं, त्यांना यावर एक अक्षर सुचलं नाही.

सिराजुद्दीनने हा मेसेज वाचला तेव्हा तो मशीनवर बसून फौजी शर्टाच्या खांद्यावर फीत शिवत होता. सुई फितीच्या बाहेर गेली. सिराजुद्दीन म्हणजे बकाल्याच्या शेजारचा शिंपी. धोंडीरामचा निरोप यूनुसने लिहिला होता, हे साऱ्या जगात त्याच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तो त्यानेच पुसला होता.

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दोन वर्षांनी सुट्टी मिळाली होती, उद्याचं विमान, घरी बायको शरफुन्निसा वाट बघतेय. फळ्यावर आपलं नाव चांगलं ठसठशीत लिहावं असं त्याला वाटलं, आणि जागा नव्हती. 'धोंडीराम, घरी फोन' ही ओळ होती. धोंडीराम तासाभरापूर्वी पाव घेऊन बाहेर पडताना त्याने बघितला होता. वाचलं असेल, पुसायचं राहिलं असेल, असं म्हणून याने बाहीने ओळ पुसली आणि तिथे आपलं नाव लिहिलं. निरोप धोंडीराम पाव घेऊन गेल्यानंतर आला होता, हे त्याला दोन महिन्यांनी परत आल्यावर समजलं. तोवर यूनुस म्हणत होता, मी लिहिलं, तूच पुसलंस. आणि धोंडीराम म्हणत होता, तू खोटारडा आहेस. एका ताटात जेवणारी माणसं एकमेकांचं तोंड बघेनाशी झाली.

पुसणं ही चूक होती. चूक कुणाच्याही हातून होते. पण नंतरची तीस वर्षं गप्प बसणं ही चूक नव्हे, हे सिराजुद्दीनला नीट कळत होतं. पहिल्या आठवड्यात सांगायची लाज वाटली, पहिल्या वर्षी भीती, आणि पुढे तर आता सांगून काय उपयोग, ही सगळ्या भित्र्या माणसांची आवडती सबब होतीच. यूनुस जिवंत असेपर्यंत रोज सकाळी त्याच्याकडचा चहा मात्र तो बिनदिक्कत पीत आला.

त्याच दिवशी दुपारी उमामाचा फोन आला. पोर शांत होती. तिने फक्त एवढंच विचारलं, "चाचा, आप तो बाजू में थे. अब्बा सच में भूल गए थे क्या? तसं असेल तर मी तसंच छापीन."

सिराजुद्दीन म्हणाला, शुक्रवारपर्यंत थांब. आधी ज्याचं नुकसान झालं त्याला सांगायला हवं होतं, आणि धोंडीरामची तर फायनल एक्झिट लागली होती. पुढच्या गुरुवारी तो कायमचा संगमेश्वरला जाणार होता.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून तो टॅक्सीने शहराबाहेरच्या कॅम्पवर गेला. धोंडीराम खोलीबाहेर प्लायवूडची पेटी ठोकत होता. जन्मभर सुतारकी केलेला माणूस, सामान न्यायला विकतची पेटी घेणं त्याच्या जिवावर आलं असावं. त्याने सिराजुद्दीनला बसायला स्टूल दिलं, चहा मागवला, गुडघ्यांची तक्रार केली. चहा येण्याआधीच सिराजुद्दीनने सगळं सांगून टाकलं. सुट्टी, जागा नसलेला फळा, बाही, आणि तीस वर्षं. काही झाकलं नाही.

धोंडीरामने हातोडी खाली ठेवली. तो शिव्या देईल, मारेलसुद्धा, याची सिराजुद्दीनने तयारी ठेवली होती. त्याने पेटीवरचा भुसा हाताने झाडला.

"यूनुसचा फोन आला होता मला," तो म्हणाला. "जायच्या आधी महिनाभर. आजारी होता. म्हणाला, धोंडू, लिहायचं माझ्याकडूनच राहिलं असंल, माफी कर. मी म्हटलं, आता कबूल केलंस ना? आणि फोन ठेवला."

यूनुसला पक्कं माहीत होतं की आपण लिहिलं होतं. मरणाच्या दारात, केवळ मित्र परत मिळावा म्हणून, त्याने न केलेली चूक आपल्या अंगावर घेतली होती. आणि खरा दोषी त्याच आठवड्यात त्याच्या उशाशी बसून संत्रं सोलून देत होता.

"तू माझ्याकडं आलास," धोंडीराम म्हणाला. "मी कुणाकडं जाऊ, सिराजभाई?"

चहा आला, तसाच निवला. मग धोंडीरामने त्याला मोबाइल काढायला सांगितला. लिहू नकोस, तोंडाने बोल, सगळ्यांच्या समोर, मी इथे बसलोय. सिराजुद्दीनने ग्रुप उघडला आणि बोलला. दोनदा अडखळला, पण पुरं केलं. एकशे बारा माणसांपुढे त्याने आपलं नाव घेतलं आणि पाठवून दिलं.

दहा मिनिटांत उमामाचा फोन आला. सिराजुद्दीनने तो घ्यायला बोट उचललं, तर धोंडीरामने हात पुढे केला. त्याने फोन कानाला लावला. पलीकडून पोर "चाचा, चाचा" म्हणत होती.

"मी धोंडीराम बोलतोय, बाळा," तो म्हणाला. "तुझ्या अब्बानं निरोप लिहिला होता. खोटा मी होतो."