निशाणाच्या पुढे

"गेल्या वर्षी तीन वाजता जेवलो आपण घोटीला. भाजी पार आंबलेली, यार."

प्रफुल्ल पत्र्याच्या पलीकडे कुणाला तरी हळू आवाजात सांगत होता आणि अलीकडे आवडाबाई चहाचे पेले विसळत होत्या. मोहन्यातल्या साईमंदिरामागे मंडळाची जी खोली आहे तिच्या मधोमध नुसता पत्रा आहे. तिथे हळू बोलणं हा आपला शिष्टाचार, उपयोग शून्य. आवडाबाईंना वाटलं, आचाऱ्याबद्दल चाललंय. यंदा आचारी बदलायला सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं. स्वतःबद्दलचं गाऱ्हाणं कानावर पडलं की माणसाला आधी दुसराच कुणीतरी आठवतो.

मोहने ते शिर्डी ही पायी पालखी आवडाबाईंनीच सुरू केलेली. नवऱ्याच्या कंपनीला टाळं लागलं त्या वर्षी चार बायका निघाल्या होत्या, आवडाबाईंच्या भगव्या साडीचं निशाण करून. तेव्हा शकू, त्यांची शेजारीण, तरातरा पुढे गेली आणि शहापूरच्या पुढे कुठल्याशा फाट्यावर चुकली. संध्याकाळी एका ढाब्यामागे रडत बसलेली सापडली. त्या दिवशी आवडाबाईंनी नियम केला: निशाण सगळ्यांत पुढे, आणि निशाणाच्या पुढे कुणी पाऊल टाकायचं नाही. आता चारांची साठ माणसं झाली, टेम्पो आला, स्पीकर आला, सारख्या रंगाचे टी-शर्ट आले. नियम तोच राहिला. निशाणही आवडाबाईंच्याच हातात.

चहा देऊन त्या सतरंजीवर शकूशेजारी बसल्या. उजवा पाय लांब करूनच बसावं लागतं हल्ली. काळुराम, मंडळाचे अध्यक्ष, घसा साफ करून म्हणाले की यंदा रस्त्याचा विचार करावा. दरवर्षी आपण कसाऱ्याच्या घाटाने जातो, हायवेला ट्रक फार झालेत. त्यापेक्षा मुरबाडवरून, माळशेज घाटाने गेलो तर?

सगळ्यांनी इतक्या पटकन माना डोलावल्या की आवडाबाईंना गंमत वाटली. या मंडळात पोहे की उपमा यावर दोन बैठका होतात. प्रफुल्ल म्हणाला, त्या बाजूने आपला एक दिवस वाचेल, त्याला घोडबंदर रोडच्या ऑफिसातून सुट्टी मिळताना मारामार असते. त्याची बायको कृतिका म्हणाली, तिकडे हवा किती छान, रस्त्याला झाडं. मग काळुराम खाली बघत म्हणाले, "आता कुणाला तो रस्ता जमणार नसेल, काही कारणाने, तर त्याने यंदा घरी आराम करावा. कुणाला वाईट वाटायचं कारण नाही."

माळशेजच्या रस्त्यावर टोकावडे लागतं आणि टोकावड्याला आवडाबाईंचं माहेर. अकरा वर्षांपूर्वी भावाने पूजेला म्हणून बोलावलं, साडी नेसवली, ओटी भरली, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत घालून मुरबाडला नेऊन हक्कसोडावर सही घेतली. सहा महिन्यांत शेत फार्महाऊसवाल्याचं झालं. मेले तरी त्या रस्त्याला जाणार नाही, असं आवडाबाई म्हणाल्या होत्या. मंडळात नव्हत्या म्हणाल्या. जिन्यात बसून, नाक पुसत, एकाच बाईला म्हणाल्या होत्या.

त्यांनी शकूकडे पाहिलं. शकू पिशवीत किल्ली शोधत होती. किल्ली तिच्या कमरेला होती.

मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर येऊन बसली. घोटीला वाजलेले तीन. दर मैलाला मागून येणारं "मावशी, पाणी घेता का, बसता का जरा?" आणि टेम्पोत पुढच्या सीटवर यंदा नवीन टाकलेली गादी. आचाऱ्याची बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

भावाने निदान ओटी तरी भरली होती.

आवडाबाईंनी लांब केलेला पाय हाताने उचलून जवळ घेतला. "चालेल," त्या म्हणाल्या. "माळशेजने जाऊ. माझ्या पायाखालचाच रस्ता आहे."

काळुरामांनी प्रफुल्लकडे पाहिलं, प्रफुल्लने कृतिकाकडे. आणि मग माळशेजची रयाच गेली. काळुरामांना आठवलं की त्या बाजूला साठ माणसांच्या मुक्कामाची सोय नाही. प्रफुल्लचा वाचलेला दिवस हिशेबात पुन्हा खर्ची पडला. कृतिकाच्या झाडांमध्ये बिबटे शिरले, ओतूरच्या पुढे तर म्हणे दिवसासुद्धा दिसतात.

"बिबट्या पुढच्याला धरतो, पोरी," आवडाबाई म्हणाल्या. "पुढे मी आहे. मागच्यांनी कशाला घाबरायचं?"

कृतिका हसली आणि मग हसल्याबद्दल लाजली. काळुराम म्हणाले, मग कसाराच बरा. पण कसाऱ्याचं नाव निघताच प्रफुल्लने सुस्कारा टाकला. दोन्ही घाट संपले. शिर्डीला जायला तिसरा रस्ता नव्हता.

आवडाबाई शकूकडे वळल्या. सतरा वर्षं ही बाई त्यांच्या उजव्या अंगाला, अर्धं पाऊल मागे राहून चालली होती. फोड आले तेव्हा हिनेच सुईने फोडले होते.

"शके, तू सांग. कुठून जायचं?"

शकूने पिशवी बाजूला ठेवली. सतरंजीची दशी ओढायला लागली. मग वर न बघता म्हणाली, "कुठूनही जा, आवडे. रस्त्याचं काही नाहीये. तुला आता चालवत नाही गं. निशाण तुझ्या हातात, पुढे जायची कुणाला मुभा नाही, आणि साठ माणसं तुझ्यामागे उन्हात उभी राहतात. निशाण खाली ठेव, असं तुला म्हणायला कुणाची जीभ रेटत नव्हती. म्हणून माळशेज काढला." तिने दशी तोडली. "यांना कुणाला टोकावडं माहीत नव्हतं. मी सांगितलं."