कोरी खडी

चाचणीचा काँक्रीटचा बीम तुटला, पण पडला नाही. मधोमध तडा गेला आणि दोन्ही तुकडे आतल्या पोलादाच्या बारीक तारांना धरून राहिले. मशीनवरचा ताकदीचा आकडा असा, की कोणीही नाचलं असतं. लॅबवालीने मात्र तो पुन्हा तपासला. इतकं सरळ तिच्या नशिबात कधीच काही नव्हतं.

पाडलेल्या इमारतींचा राडारोडा भरडून खडी करायची, आणि तिचा कच्चेपणा तारा घालून भरून काढायचा, हे मिश्रण तिचं. ते वापरून शाळेचा मजला ओतायचा की नाही, हे तिच्या सहीवर ठरणार होतं. मिश्रण कालवायला होता तिचा धाकटा दीर. कामाला वाघ! तारा एकदम ओतल्या तर गुंता होतो, म्हणून मीठ भुरभुरावं तशा हाताने सोडायचा. पण आज हा बाबा सकाळपासून नजर चुकवत होता, आणि घरी चार शब्द न बोलणारा माणूस मशीनवाल्याशी हवापाण्याच्या गप्पा झोडत होता. कुठेतरी पाणी मुरत होतं.

तिने बीमचा तुटका भाग उजेडात धरला. भरडलेल्या खडीच्या अंगावर जुन्या सिमेंटची साल असते, मध्येच विटेचा लाल तुकडा डोकावतो. इथे एकेक दगड न्हाऊनमाखून बसलेला. खाणीतली नवी कोरी खडी!

"भावजी, राडारोडा कुठे गेला?"

"त्यातच आहे की, वहिनी."

"मला शेंडी लावू नका. कुणी सांगितलं हे? शाळेच्या कंत्राटदाराने?"

दिराने मान खाली घातली. "कुणीच नाही. बीम ओतायच्या आदल्या दिवशी तुम्ही रडलात, म्हणालात, हे फसलं तर नोकरी गेली. मला वाटलं, फसणारच. म्हणून नवी खडी घातली."

चोर सापडला, आणि चोरी केलेली तिच्यासाठीच. तिला हसावं की रडावं कळेना. 'फसणारच' हा शब्द मात्र काळजात रुतला.

"आणि शाळेच्या मजल्यात काय घालणार होतात?"

"तुमचंच मिश्रण," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा एकदम उतरला. एवढा पुढचा विचार त्याने केलाच नव्हता.

"राडारोडा आणा. नवा बीम माझ्यासमोर ओता."

"आणि तो टिकला नाही तर?"

"तर सही नाही."

बोलली ती ठणकावून. दिरावरचा संशय फिटला होता. पण आता तिला स्वतःच्याच मिश्रणाचा संशय येत होता.