गुणाजीच्या नावावर

या, असे पुढे सरकून बसा. मागे राहिलात तर अर्धी गोष्ट खाडीचा वाराच घेऊन जाईल. आज सांगतो ती गोष्ट राजाची नाही की संताची नाही. ती एका उघाडीची आहे, आणि ती राखणाऱ्या माणसांची. देव तिच्यात आपणहून येईल, त्याला वेगळं बोलावणं कशाला?

कासूला गाडीतून उतरून खाडीच्या अंगाला चालत सुटलं की बांधाआड एक गाव लागतं. बांधाच्या अलीकडे भाताची शेतं, पलीकडे खारं पाणी. मध्ये दगडी मोरी आणि तिला उभ्या लाकडी फळ्या, ती उघाडी. पावसाचं पाणी शेतात तुंबलं की ओहोटी लागल्यावर फळ्या उचलायच्या, पाणी खाडीत सोडायचं आणि भरतीच्या आधी फळ्या परत बसवायच्या. ऐकायला सोपं. पण उधाणाच्या दिवसांत पश्चिमेचा वारा सुटला की पाणी मध्येच थबकतं. माणसाला वाटतं, ओहोटी लागली. आणि ते नुसता दम खाऊन पुन्हा चढतं. त्या वेळी फळ्या वर असल्या तर पाण्याच्या रेट्यात त्या खाली बसत नाहीत. खारं पाणी एकदा भातात शिरलं की त्या वर्षाची चूल विझली म्हणायची.

ही उघाडी शिवाने मरेपर्यंत राखली. त्याचा अंदाज कधी हुकला नाही. "शिवाची जाण उपजत," असं गाव म्हणे. आणि कुणी काही चुकलं, मग तो पेणच्या बाजारात फसून आणलेला बैल असो की जावई, तर गाव म्हणे, "गुणाजी झालास काय?"

कारण शिवाच्या आधी उघाडी गुणाजीकडे होती. शिवा त्याच्या हाताखाली नवा आला त्याच श्रावणात खालची सगळी शेतं खारी झाली. देवळात गाव जमलं तेव्हा गुणाजी उभा राहून म्हणाला, "फळ्या मी उचलल्या." गावाने उघाडी काढून शिवाच्या हाती दिली.

गुणाजी आता ऐंशीच्या पुढे आहे. बायको गेली, लेक चंद्रावती लांब दिलेली. त्या श्रावणापासून त्याला गावात कुणी काही विचारलेलं नाही. पाऊस येईल का, एवढंसुद्धा नाही. लोक वाईट नव्हते. लग्नाला बोलवत, पंगतीत वाढत. पण विचारत नसत. ज्याला कुणी विचारत नाही, त्याच्या घराला दार असूनही उंबरठा झिजत नाही.

शिवा गेल्यावर उघाडी त्याच्या मुलाकडे, अमोलकडे आली. अमोल धाटावला कंपनीत, राहायला रोह्याला. "रक्त शिवाचं, त्याला शिकवायचं काय?" असं म्हणून गावाने त्याला उधाणात एकट्याला बांधावर उभं केलं. पहिल्याच श्रावणात पाणी थबकलं, अमोलने फळ्या उचलल्या आणि पाणी पुन्हा चढून भातात शिरलं.

तो त्याच संध्याकाळी रोह्याला गेला. गणपतीला आला नाही, शिमग्यालाही नाही. त्याची आई सगुणा तेवढी घरात राहिली.

चैत्रात सप्ताह बसला. कीर्तनाला बुवा बाहेरचे, गळा असा की टाळकरीही ताल विसरावेत. पूर्वरंगात त्यांनी विचारलं, "मंडळी, विवेक आईच्या पोटातून येतो की संगतीने येतो?"

पुढच्या रांगेतून प्रविण बोलला. त्याची जीभ नेहमी त्याच्या दोन पावलं पुढे. "बुवा, आमच्यात उलटंच हाय. बाप शिवा, पोरगा गुणाजी."

मंडप हसला. बुवाही हसले, त्यांना काय ठाऊक, आणि त्यांनी अभंग उचलला. बायकांच्या बाजूने सगुणा उठली, पदर सावरला आणि अंधारात निघून गेली.

मागे खांबाशी गुणाजी बसला होता. आपलं नाव असं फेकलेलं त्याला सवयीचं होतं. पण ते दुसऱ्याला लागलेलं त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. गजर चालू होता, त्याच्या हातांनी टाळी धरली नाही. 'पांडुरंगा,' तो मनात म्हणाला, 'माझ्या तोंडाला मीच कुलूप घातलं. आता उघडू तर मेलेल्या शिवाचं नाव जातं, नाय उघडू तर जित्या पोराचं.'

सकाळी त्याने धुतलेली टोपी घातली आणि कासूहून गाडी धरली. नागोठणे गेलं, निडी गेलं. डब्यात कंपनीची पोरं मोबाइलमध्ये मान घालून बसलेली. एकाने सरकून जागा दिली. गुणाजीला बोलायचं होतं, पण इतक्या वर्षांत सुरुवात कशी करतात तेच मोडून गेलं होतं.

रोह्यात दार उघडलं अमोलच्या बायकोने, मृणालीने. "काका, तुमी? आई बऱ्या हायत ना?"

"बऱ्या हायत गो. अमोल?"

"रात्रपाळी करून झोपलेत. उठवते." मग आवाज उतरवून म्हणाली, "काका, यांना समजवा कायतरी. कंपनीवाले सुपरवायझर करतात, तर हे नको बोलले. मला ठरवता येत नाय, बोलतात. भाजी कुठली आणू विचारलं तरी बोलतात, तूच ठरव. मला तर आता भेंडीसुद्धा एकटीनं खाल्ल्यासारखी लागते."

अमोल उठून आला. गुणाजीला पाहून त्याचा चेहरा आकसला. "गावानं पाठवलं?"

"मला कोण पाठवतो?" गुणाजी म्हणाला. "बस. तुझ्या बापाचं सांगायला आलोय."

"त्यांचं मला ठाऊक हाय. त्यांना उपजत होतं. मला नाय."

"तुझ्या बापाला उपजत एक भूक व्हती, दुसरं काय नाय." गुणाजीने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "त्या श्रावणात मला ताप व्हता. मी बांधावर बसलेलो, शिवा मोरीवर. पाणी थबकलं. हा बोलला, काका, लागली ओहोटी. मी बोललो, थांब. तर यानं तोवर फळ्या उचललेल्या."

मृणाली चहाचं भांडं हातात धरून दारात थांबली.

"म्हणजे बाबा खोटं बोलले गावाला."

"तो कुठं बोलला? तो रडत व्हता, बोललो मी. त्याचा पहिला पाऊस रं. गावानं हाकलला असता तर शिकला कुठं असता? शिकायचं म्हणजे चुकायला जागा लागते. तो माझ्या नावावर चुकला. मग पुढं कधी चुकला नाय, कारण ते खारं पाणी त्यानं उभ्या जन्मात डोळ्यांपुढून जाऊ दिलं नाय. गाव त्याला उपजत बोलतं."

"आणि तुमी?"

"माजं शिकून झालेलं. नावाचं मला काय करायचं व्हतं?"

हे त्याने हसून म्हटलं, पण हसू ओठांवरच राहिलं. टोपीची घडी त्याने उलगडली, पुन्हा घातली. "एक मात्र मला कळलं नाय. मला वाटलं, पोरगा रोज येईल, बसेल, विचारील. तो यायचाच बंद झाला. रस्त्यात मी दिसलो की वाट बदलायचा. लाज माणसाला लांब नेते, हा अंदाज माझा हुकला. जाणता जाणता म्हणायचे ना मला, तर ते मला शिवा मेल्यावर कळलं. तू तसा लांब जाऊ नको. मला त्याच्यासाठी यायला जमलं नाय, तुझ्यासाठी आलो."

अमोलने मान खाली घातली. "मी गावात सांगतो हे. देवळात उभा राहून सांगतो."

"नाय सांगायचं. सगुणा त्याच्या नावावर जगते. तुला यायचं असलं तर उधाणाला ये."

चहा पिऊन गुणाजी निघाला. येतो की नाही, ते अमोलने सांगितलं नाही, आणि गुणाजीनेही विचारलं नाही.

श्रावणातलं उधाण आलं. वरून पाऊस, शेतात पाणी पोटरीपर्यंत, चार माणसं बांधावर. अमोल सकाळच्या गाडीने आला, आधी आईच्या पाया पडला, मग गुणाजीच्या दारात उभा राहिला. "काका, चला." गुणाजी घोंगडं घेऊन त्याच्या मागून गेला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, पण पावसात कोण बोलतो.

पाणी थबकलं.

"काका, उचलू?"

किती पावसाळ्यांनी कुणीतरी त्याला विचारलं होतं. उत्तर त्याच्या जिभेवर होतं. त्याने ते गिळलं. "तू काय बोलतोस?"

अमोलने मोरीच्या तोंडाशी तरंगणारा पाचोळा पाहिला. तो नुसता जागच्या जागी गोल फिरत होता. "नको वाटतंय. अजून थांबू."

"मग थांब. चुकलास तर मी हाय इथं."

प्रविण करवादला, "अरे भात कुजलं, किती थांबता?" अमोल हलला नाही. पाणी हातभर पुन्हा चढलं, बांधाला लागलं, आणि बऱ्याच वेळाने पाचोळा एकदाचा खाडीच्या वाटेला लागला. तेव्हा त्याने फळ्या उचलल्या. शेतातलं गढूळ पाणी धावत समुद्राकडे निघालं.

प्रविणने अमोलच्या पाठीवर थाप मारली. "शेवटी रक्त शिवाचं. उपजतच असतं ते."

अमोलने तोंड उघडलं. गुणाजीने त्याच्या दंडावर हात ठेवला, आणि त्याने ते परत मिटलं. मग सगळे अमोलला घेऊन चहाला गेले. बांधावर गुणाजी मागे राहिला, फळ्या बसवायच्या वेळेपर्यंत पाण्याकडे पाहत.

मंडळी, गाव अजून म्हणतं, "गुणाजी झालास काय?" तुम्ही त्या गावचे नाही म्हणून खरं ते सांगितलं. कधी तिकडे गेलात आणि हे बोल कानावर आले, तर भांडू नका, ते त्याला चालायचं नाही. फक्त दिवेलागणीला हरीचं नाव घ्याल तेव्हा त्याच्या मागोमाग एकदा गुणाजीचं घ्या. गावात ते असं कुणी घेत नाही.