खिडकीतला हात

तिकिटांच्या गठ्ठ्याची जाडी अंगठ्याच्या पहिल्या पेराएवढी होती. सोमवारीही तेवढीच होती. डॉर्कस पिमलेटने गठ्ठा पुन्हा पेराला लावून पाहिला. चाळीसपैकी सात तिकिटे गेली होती, पण बोटाला फरक कळत नव्हता.

कॉव्हेंट गार्डनच्या बाजारात, कोबीच्या टोपल्यांशेजारी ती सकाळपासून उभी होती. उद्याचा खेळ थिएटरच्या नोकरांच्या मदतीसाठी होता. मेणबत्त्या लावणारे, पडदे ओढणारे, दारावरचे, सगळ्यांची नावे जाहिरातीत छापली होती. ज्याने त्याने आपली तिकिटे विकायची, निम्मे पैसे त्याचे, निम्मे मालकांचे. गॅलरीचे, म्हणजे सगळ्यात वरच्या स्वस्त बाकांचे, तिकीट एक शिलिंग. चाळीस गेली तर वीस शिलिंग हाती येणार होते. जूनपासून तीन महिने थिएटर बंद, पगारही बंद. खोलीचे भाडे मात्र आठवड्याला दीड शिलिंग द्यावेच लागायचे.

पूर्वी तिकिटे तिचा नवरा खपवायचा. वादकांमधले माणसाहून उंच व्हायोलिन जोसाया वाजवायचा आणि अर्ध्या लंडनबरोबर बिअर प्यायचा. एका संध्याकाळी शंभर तिकिटे संपवून यायचा. त्याला जाऊन सात हिवाळे झाले होते. डॉर्कसला ओळखणारे कुणी नव्हते. बावीस वर्षे ती गॅलरीच्या जिन्याखाली, वीतभर खिडकीमागे पैसे घेत बसली होती. लोकांना दिसायचा तो फक्त तिचा हात.

समोरून एक हमाल आला. डोक्यावर सहा टोपल्यांची उतरंड, ती सावरायला वर धरलेला उजवा हात. त्या हाताला दोन बोटे नव्हती. हा हात डॉर्कसच्या ओळखीचा होता. दर शनिवारी यायचा, आणि त्यातला शिलिंग नेहमी कोमट असायचा.

"अहो, उद्याचं तिकीट घेता का?"

"तू कोण गं?"

"गॅलरीच्या खिडकीवर असते मी."

"चल! तिथं एक म्हातारा असतो."

डॉर्कसने हात कमरेच्या उंचीवर उताणा धरला आणि तळव्यावर नाणे असल्यासारखे अंगठ्याच्या नखाने दोनदा टोकरले. खोटे नाणे ओळखायची तिची सवय होती ती.

हमाल टोपल्यांसकट थांबला. "अरे देवा! टोकरणारी! नेड, इकडं ये रे! तुझा शिशाचा शिलिंग जिनं बाहेर फेकला ना, ती ही बघ!"

"ही?" कोबीवाला नेड हात पुसत आला. "मला वाटलेलं, चांगली धिप्पाड बाई असेल. एवढीशीच आहे की!"

"एवढीशी, पण तुला पुरून उरली."

हसत हसत आणखी चौघे जमले. अकरा तिकिटे गेली. डॉर्कसने प्रत्येक शिलिंग टोकरून घेतला, तेव्हा ते पुन्हा हसले.

"आणि तू कुठं बसणार?" हमालाने विचारले. "तुझ्या शेजारीच बसू. आरडाओरडा करायला सोबत."

"मी बसत नाही. खिडकीवर असते."

"मग नाटक कधी बघतेस?"

"ऐकू येतं. बावीस वर्षं भिंतीतूनच."

"बावीस वर्षं भिंतीतून!" नेड मोठ्याने हसला. बाकीचे हसले नाहीत. हमालाने टोपल्या सावरल्या, तिच्याकडे एकदा पाहिले आणि तो गर्दीत गेला.

थिएटरकडे जाताना तिने हिशेब केला. अठरा तिकिटे, नऊ शिलिंग, सहा आठवड्यांचे भाडे. उन्हाळा निम्माच भागत होता.

जोसाया दर वर्षी म्हणायचा, "डावीकडच्या कोपऱ्यात बस एकदा. तिथून माझ्या व्हायोलिनचा गज दिसतो." आणि ती म्हणायची, पुढच्या वर्षी. खिडकी सोडली की त्या रात्रीचे दीड शिलिंग जायचे, म्हणजे आठवड्याचे भाडे. हा हिशेब कधीच चुकीचा नव्हता.

खजिनदार फेनशॅम यांनी पैसे मोजून घेतले.

"अठरा! गेल्या वर्षी नऊ होती ना, मिसेस पिमलेट? बाजार पावला म्हणायचा."

"हो साहेब."

तिने उरलेली बावीस तिकिटे टेबलावर ठेवली. मग त्यातले एक परत उचलले, पदरचा शिलिंग काढला, नखाने दोनदा टोकरला आणि त्यांच्यापुढे सरकवला.

"हा कुणाचा?"

"माझा."

"अहो, नोकरांना कसलं तिकीट? आणि तुम्ही तर खिडकीवर..."

"खिडकीवर दुसरं कुणी बसवा, साहेब. माझे दीड शिलिंग कापून घ्या."

"पण कशासाठी?"

डॉर्कसने तिकिटाची घडी घातली. घडीची कड नखाने नीट दाबली.

"उद्या मी गॅलरीत बसणार आहे," ती म्हणाली. "डावीकडच्या कोपऱ्यात."